बाहेरच्या पायावर भार

ओबरमाट, २ नोव्हेंबर १९५६

बाबा,

आज मृतांचा दिवस. टोबियासच्या थडग्यावर दिवा लावून आले, आईंच्याही. वारा होता, तरी दोन्ही दिवे टिकले. तुमची कंबर कशी आहे? त्या इस्पितळात तुम्हाला रीबल देतात की नाही? मक्याच्या रीबलशिवाय तुमची सकाळ कशी होत असेल याचीच मला काळजी वाटते. हाड जुळेल. गोठ्याच्या ओट्यावर मी राख टाकली आहे, आता तिथे कोणी घसरणार नाही.

कब्रस्तानात पीयूस भेटला. स्की शाळेचा मुख्य झाल्यापासून टोपी काढूनच बोलतो. म्हणाला, "तुझा नवरा आमचा शिक्षक, शाळेची रीत तुला माहीत आहे. शिक्षक गेला तर त्याची जागा एक हिवाळा त्याच्या घरासाठी राखून ठेवतो. फेब्रुवारीत परीक्षा आहे, नवशिक्यांच्या वर्गासाठी. घरातून कोणी उभं राहणार आहे का?" मग त्याने माझ्याकडे बघितलं, नंतर भिंतीवरच्या मांजराकडे बघितलं, आणि मांजराचा विचार जास्त वेळ केला.

मी म्हटलं, मी उभी राहते.

बाबा, मी तळ्याकाठची. गाव मला अजून मासोळी म्हणतं ते काही उगीच नाही. स्कीवर उभी राहते, सरळ जाते, भरपूर वेगाने जाते, आणि थांबायचं झालं की बसते. वळणं मला येत नाही. टोबियास शिकवतो म्हणायचा, मी पुढच्या वर्षी म्हणायचे.

कॉनराडचं परत पत्र आलंय. माझ्या भावाला त्याच्या खाणावळीत स्वयंपाकाला बाई हवी आहे आणि मी इथे एकटी राहून काय करणार हे त्याला कळत नाही. ही जागा गेली तर मलाही त्याला सांगता येणार नाही. टोबियासचा स्की शाळेचा लाल स्वेटर अजून खुंटीवर आहे. मी धुतलेला नाही.

अर्ध्या खोऱ्याला तुम्ही वळायला शिकवलंत. आता सुनेला पत्रातून शिकवा.

तुमची,
हेडविग


फेल्डकिर्ख, ९ नोव्हेंबर

हेडविग,

पत्रातून स्की शिकवा म्हणतेस! उद्या पत्रातून बाळंतपण करायला सांगशील. इथली सिस्टर म्हणते की आवाज खाली ठेवा, बाकीचे रोगी आहेत. मी तिला सांगितलं की मी सम्राटाच्या काळात आवाज खाली ठेवला नाही, तुझ्या वॉर्डात काय ठेवणार? पायाला वजन टांगून मला उताणं निजवलंय. छताकडे बघत भाषणं करतो. श्रोते चांगले आहेत, कोणी उठून जाऊ शकत नाही.

आता लक्ष दे. एकदाच सांगतो.

पहिलं, उताररेषा. डोंगरावर पाण्याचा पेला उपडा केलास तर पाणी ज्या वाटेने खाली जाईल ती. तू आजवर त्या वाटेनेच गेलीस. वळणं म्हणजे ती वाट ओलांडणं, आणि परत ओलांडणं. दुसरं काही नाही.

दुसरं, नांगर. स्कींची टोकं जवळ आण, मागचे भाग फाकव, टाचा बाहेर ढकल. आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. नांगरात उभं राहता आलं की बसून थांबायचं बंद.

तिसरं, भार. नांगरात असताना एका पायावर भार टाक. तो पाय वळणाचा बाहेरचा पाय. त्याच्यावर उभी राहा, बाकी डोंगर बघून घेईल.

चौथं, आणि हे पुस्तकातले पंडित शेवटी सांगतात, ते मी आधी सांगतो. तुझं अंग डोंगराकडे झुकेल. प्रत्येकाचं झुकतं. डोंगर घट्ट आहे, दरी रिकामी आहे, म्हणून भ्यालेला माणूस डोंगराला बिलगतो. आणि बिलगला की कडा सुटतात, पाय खालून निघून जातात आणि तो त्या डोंगरावरच आपटतो. दरीकडे झुक, पोरी. रिकाम्या बाजूला झुक. जगात टिकून राहायची ती एकच रीत आहे, आणि ती अंगाला पटत नाही.

पाचवं, वळण येतं वरून. आधी हात, मग खांदे, मग कंबर, शेवटी स्की. माणूस वळतो आणि लाकूड त्याच्यामागून येतं. मी हेच वळण शिकवलं, दुसरं शिकवत नाही. त्या दुसऱ्याचं नाव माझ्या पत्रात नको.

किलियन गानाल


ओबरमाट, १ डिसेंबर

बाबा,

बर्फ पडला. मी घरामागच्या कुरणावर रोज जाते. नांगर छान जमतो. काल वळणंही जमलं. डावीकडे जायचं होतं, म्हणून डाव्या स्कीवर सगळा भार टाकला आणि अगदी सहज डावीकडे वळले. पीयूसच्या बायकोने बघितलं आणि हात हलवला. तुम्ही काळजी करू नका. तुमचे लोकरी मोजे पाठवते आहे, आणि चीजचा तुकडा. सिस्टरला दाखवू नका.

हेडविग


फेल्डकिर्ख, ६ डिसेंबर

हेडविग,

तू घराबाहेर पडलीच नाहीस.

नांगरात डाव्या स्कीवर भार टाकला तर माणूस उजवीकडे जातो. डावीकडे जायला उजवी स्की लागते, कारण तीच बाहेरची. एकदा जरी वळली असतीस तरी हे वाक्य तुझ्या हातून उतरलं नसतं. आयुष्यात माझ्याशी लोक पुष्कळ खोटं बोलले, त्यात एक पाद्री आणि दोन मंत्री होते, पण इतकं स्वच्छ खोटं कोणी बोललं नव्हतं.

चीज चांगलं होतं. काय अडलंय ते लिही.

किलियन


ओबरमाट, १९ डिसेंबर

बाबा,

पडवीत माझ्या स्की भिंतीला टेकलेल्या आहेत आणि त्यांच्या पुढे टोबियासची दुसरी जोडी. त्याने मार्चमध्ये ठेवली तशीच. माझ्या काढायच्या तर त्याच्या हलवाव्या लागतात. मी रोज बूट घालून तिथपर्यंत जात होते आणि परत येऊन बूट काढत होते. अडलं होतं ते एवढंच.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हलवल्या. लाकूड इतकं थंड होतं की हात चिकटला. मग कुरणावर गेले आणि पडले. परत पडले. तुम्ही म्हणता तसंच होतं, अंग आपोआप डोंगराकडे जातं. किती वेळा मनाला सांगितलं, तरी अंग ऐकत नाही. रविवारी ऐकलं. उजव्या पायावर उभी राहिले, दरीकडे झुकले, हात आणि खांदे फिरवले, आणि बाबा, मी डावीकडे गेले! भीतीने ओरडले. खालून कुत्रा भुंकायला लागला.

पण एक अडचण आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. पीयूस कुंपणापाशी उभा राहून बघत होता. म्हणाला, "मासोळी, नांगर उत्तम. पण हे हात काय फिरवतेस? गवत कापतेस का?" परीक्षेत नवं वळण लागतं. पाय वळतात, खांदे नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन्ही स्की जोडलेल्या. खांदे फिरवले तर नापास. मी विचारलं, मग मला शिकव. तो म्हणाला, मी परीक्षक आहे, मला शिकवता येत नाही. "आणि म्हाताऱ्याचं वळण," तो म्हणाला, "सुंदर होतं. पण ते आता फक्त फोटोत असतं."

ते कोणाचं वळण आहे हे मला माहीत आहे. तरी विचारते. ते मला शिकवा.

हेडविग


फेल्डकिर्ख, २७ डिसेंबर

हेडविग,

नाही.

नाताळच्या दिवशी असं पत्र! सिस्टरने मला शांत व्हायची गोळी दिली, ती मी मोज्यात लपवली.

पीयूसला मी नांगर धरायला शिकवला तेव्हा त्याला नाक पुसता येत नव्हतं. तो मला फोटोत घालतो! आम्ही अख्ख्या अंगाने वळलो. हात, छाती, खांदे, सगळा माणूस नव्या दिशेला तोंड करायचा, मग जायचा. ज्या दिशेला जायचं त्या दिशेला तोंड करावं, यात प्रामाणिकपणा आहे. हे नवे काय करतात? पाय एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. अशी माणसं मी फार पाहिलीत. चौतीस साली, यादवीच्या वर्षी, निम्मं गाव तसंच चालत होतं.

माझ्या मुलाने तीन वर्षं माझ्या टेबलाशी बसून हेच चालवलं. तू सगळं ऐकलंस. "हेडविग, तुझ्या सासऱ्याला सांग की खांदे ही ओझं वाहायची जागा आहे." "हेडविग, तुझ्या नवऱ्याला सांग की मीठ इकडे दे." मधे तू, आणि मीठ तुझ्या हातात.

गावाची रीत तुला ठाऊक आहे. शिक्षक गेला की त्याला पुरायच्या वेळी सगळे शिक्षक चर्चमागच्या उतारावरून एका ओळीत उतरतात, आणि कब्रस्तानाच्या भिंतीपाशी शेवटचं वळण मेलेल्याच्या पद्धतीने घेतात. मार्चमध्ये त्यांनी ते नवं वळण घेतलं. मी भिंतीकडे पाठ केली. अख्ख्या गावाने बघितलं. आजही करीन.

कॉनराड चांगला माणूस आहे. तळ्यावर हवा ऊबदार असते.

किलियन गानाल


ओबरमाट, ८ जानेवारी १९५७

बाबा,

तुम्ही भिंतीकडे पाठ केली तेव्हा मी तुमच्या शेजारी होते. मी पाठ केली नव्हती. म्हणजे तुम्ही जे बघितलं नाहीत ते मी बघितलं, आणि ते आता तुम्हाला सांगते. शब्द मला येत नाहीत. जे दिसलं तेवढंच लिहिते.

ते एका ओळीत आले. प्रत्येकाचे गुडघे वाकलेले. वळणाच्या आधी अंग किंचित वर उठायचं, जणू कोणी हाक मारली म्हणून मान वर करावी तसं. मग स्की हलक्या होऊन फिरायच्या, दोन्ही एकदम, आणि अंग परत खाली बसायचं. बर्फाचा आवाज जवळजवळ नव्हता. छाती मात्र फिरत नव्हती. सगळ्यांची छाती खाली, आमच्याकडे, थडग्याकडे होती. पाय डावीकडे गेले, उजवीकडे गेले, तोंडं आमच्याकडेच.

टोबियासचं तर मी रोज बघायचे. स्वयंपाकघराची खिडकी कुरणाच्या पायथ्याशी आहे. संध्याकाळी शाळा सुटली की तो वरच्या जंगलाच्या कडेने यायचा. तुम्हीही एके काळी तिथूनच यायचात, मी नवी सून होते तेव्हा पाहिलंय. तुम्ही वळायचात तेव्हा एकदा जंगलाकडे तोंड व्हायचं, एकदा कड्याकडे. फार देखणं दिसायचं, खोटं नाही सांगत. पण तो अख्खा उतार माझ्या खिडकीकडे तोंड करून यायचा. पाय कुठेही असोत. मी बटाटे सोलत असायचे आणि तो वरपासून खालपर्यंत माझ्याकडे बघत असायचा.

तुम्ही म्हणता त्यात प्रामाणिकपणा नाही. असेल. मला ते कळत नाही.

कॉनराडला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हेडविग


फेल्डकिर्ख, २४ जानेवारी

हेडविग,

उत्तराला उशीर झाला. थोडा खोकला होता. गेला.

तुझं पत्र मी पुष्कळ वेळा वाचलं. मग सिस्टरकडून सूपचे दोन चमचे मागून घेतले. पोटावर उशी ठेवली, तो डोंगर. चमचे म्हणजे स्की. शेजारचा टायरोली शिंपी विचारतो, "गानाल, जेवण संपलं ना?" मी म्हटलं, "गप्प बस, मी माझ्या मुलाशी बोलतोय."

तू लिहिलंस की वळणाआधी अंग वर उठतं. हे तू बघितलंस, पीयूसला विचारलं तर त्याला सांगता येणार नाही. अंग वर उठलं की क्षणभर स्कीवरचा भार जातो. भार गेला की लाकूड कुठेही वळतं, पोरसुद्धा वळवेल. मी तेच हात-खांदे फिरवून करत होतो. मी वळण वरून फेकत होतो, तो खालून उचलत होता. आणि मी एकदा अंग फेकलं की ते परत आणायला लागायचं, पुढच्या वळणासाठी. त्याला आणायलाच लागत नव्हतं. ते गेलंच नव्हतं. दरीकडे होतं. तीस वर्षं मी पोरांना ओरडत होतो, दरीकडे झुका, दरीकडे झुका. माझं ऐकणारा एकच निघाला, आणि त्याच्याशी मी मिठावरून बोलत होतो.

सभेत माझ्याविरुद्ध कोणी खरा मुद्दा मांडला तर मी उभा राहून टाळ्या वाजवत असे, विचार कोणालाही. इथे उभं राहता येत नाही. चमचे एकमेकांवर वाजवले.

आता लिहून घे. नांगर तोच. बाहेरच्या पायावर भार तोच, ते कोणाच्याच बापाला बदलता येणार नाही. स्की जोडलेल्या. तिरकी जात असताना खालची काठी टेक, अंग वर उचल, हलकी हो, आणि गुडघ्यांनी दोन्ही स्की फिरव. लगेच नव्या बाहेरच्या पायावर बस. छाती खिडकीकडे. खिडकी लक्षात ठेव, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. कंबरेच्या वर खिडकी, कंबरेच्या खाली वळण.

आणि माझ्या कंबरेच्या उजव्या हाडाची चिंता सोड. मी आता हिंडतो. रोज वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे डावीकडे पुस्तकात दाखवतात तसं वळण घेतो, भिंतीला हात न लावता, सगळा भार बाहेरच्या पायावर. सिस्टर थक्क होते. परीक्षेला मी कुंपणापाशी उभा असेन. पीयूसला सांग, फोटो चालत येतोय.

किलियन


ओबरमाट, २ फेब्रुवारी

बाबा,

खिडकीने काम केलं. मी आत दिवा लावून कुरणावर जाते आणि त्या दिव्याकडे छाती ठेवते. पहिले दोन दिवस गुडघे आणि छाती एकमेकांशी भांडत होती, तुमच्या टेबलासारखी. मग काल एकदम तीन वळणं सलग झाली. सगळं हलकं झालं, बाबा. खाली पोचले तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं हे माझ्या लक्षात आलं, आणि मग मी तिथेच बसले. थांबण्यासाठी नाही.

आता दुसरी गोष्ट.

डावीकडे वळायचं तर बाहेरचा पाय उजवा. हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि मी खोटं बोलले तेव्हा याच गोष्टीवरून पकडलंत. तुमचं मोडलंय ते उजव्या बाजूचं. भिंतीला हात न लावता, सगळा भार त्या पायावर? तुम्ही पलंगावरून उतरलेलाच नाहीत. आणि खोकला गेलेला नाही, कारण शेवटच्या पानावर तुमचं अक्षर वाकडं आहे.

हे चुकून लिहिलंत, की मला कळावं म्हणून लिहिलंत? मी दोन दिवस विचार केला, समजलं नाही.

मी येते आहे. परीक्षा पुढच्या वर्षीही असेल.

हेडविग


फेल्डकिर्ख, ७ फेब्रुवारी

हेडविग,

हे सिस्टर लिहिते आहे, मी सांगतो आहे. वाक्यं लहान आहेत कारण दम लहान आहे.

येऊ नकोस. परीक्षा पुढच्या वर्षी असेल, जागा नसेल. रीत एकाच हिवाळ्याची आहे.

तू उत्तम विद्यार्थिनी आहेस. गुरूला पकडलंस. मला आनंद झाला. सिस्टर म्हणते की मी रडलो, तिचं ऐकू नकोस.

इथे येऊन काय करशील? पलंगाला धरून बसशील. मी डोंगर, तू बिलगणार. मग तुझे पाय खालून जातील. मी हा डोंगर आता सोडायला लागलोय, पोरी. तू दरीकडे झुक. रिकामी आहे म्हणूनच तिकडे झुक.

लाल स्वेटर धुवून घे. परीक्षेला मळका स्वेटर घालून जाऊ नये.

चमचे सिस्टर परत मागते. मी देत नाही.

किलियन


ओबरमाट, १७ फेब्रुवारी

बाबा,

तार शुक्रवारी संध्याकाळी आली. परीक्षा शनिवारी सकाळी होती. पीयूस स्वतः तार घेऊन आला, टोपी हातात. म्हणाला, "उद्या तू आली नाहीस तर कोणी काही म्हणणार नाही." मी म्हटलं, एक माणूस म्हणेल.

तुमचं शेवटचं पत्र उत्तराशिवाय राहिलं, म्हणून लिहिते.

स्वेटर धुतला होता. वास गेला. मला वाटलं होतं की त्याने मी मोडेन, पण नाही मोडले. मला तो लांब होतो, बाह्या दुमडल्या. नांगर झाला, नांगरवळण झालं. मग जोडलेल्या स्कींवरचं. दुसऱ्या वळणात अंग डोंगराकडे गेलं, मला जाणवलं, आणि मी तुमच्या आवाजात स्वतःवर ओरडले. परीक्षकांनी ऐकलं. पीयूसने वहीत काही लिहिलं आणि मग तोंड फिरवून नाक पुसलं, म्हणजे ते आता त्याला येतं. पास केलंय. कॉनराडला कळवलं.

आज तुम्ही घरी आलात. पेटीतून, रेल्वेने खालपर्यंत, पुढे घसरगाडीवरून. सिस्टरने कोटाच्या खिशात ते दोन चमचे ठेवले आहेत आणि चिठ्ठी, की इस्पितळाने ते हरवले असं समजावं.

दुपारी सगळे शिक्षक इथे ओट्यावर जमले. उद्या भिंतीपाशी शेवटचं वळण तुमच्या पद्धतीने घ्यायचं. पीयूस म्हणाला, "अडचण अशी आहे की ते कोणाला येतच नाही. मी लहानपणी शिकलो होतो, पण पाय विसरले. ही पोरं तर त्यानंतरची." एकजण म्हणाला, आपलंच घेऊ, म्हातारा काही उठून बघणार नाही. पीयूस त्याच्यावर असा ओरडला की मला तुमची आठवण झाली.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी मांजराकडे बघितलं नाही.

बाबा, माझा पहिला वर्ग आज घेतला. नवशिक्यांचाच होता. घरामागच्या कुरणावर लाल स्वेटरची ओळ, आणि पुढे मी, हातात तुमचं नोव्हेंबरचं पत्र. "आधी हात," मी म्हटलं, "मग खांदे, मग कंबर, शेवटी स्की. माणूस वळतो आणि लाकूड त्याच्यामागून येतं." ते हसले, पडले, परत चढले. पीयूस दोनदा उताणा पडला. अंधार पडायच्या आत सगळ्यांना आलं. फार देखणं दिसत होतं. वळताना प्रत्येकाचं तोंड एकदा जंगलाकडे होत होतं, एकदा कड्याकडे.

हे पत्र मी चमच्यांशेजारी ठेवते आहे.

उद्या ओळीत मी पहिली आहे. भिंतीपाशी तुमचं वळण घेईन, अख्ख्या अंगाने, छाती, खांदे, सगळी. त्या वळणात माझी थडग्याकडे पाठ होईल, तुमचीच रीत आहे, राग मानू नका. मग मी परत वळेन.

तुमची,
हेडविग गानाल